स्वस्तातला मॉनिटर निवडताना : खोक्यावरच्या आकड्यांपलीकडे

घरातील संगणकाचा सीपीयू पाच-सहा वर्षांनी बदलला जातो. मॉनिटर मात्र बहुधा तसाच पुढे चालू राहतो. एकदा घेतलेला पडदा आठ-दहा वर्षे टेबलावर असतो आणि तेवढा काळ घरातील प्रत्येकाचे डोळे त्यासमोर जातात. मुलीचा ऑनलाइन वर्ग, आईचे हिशेब, आजोबांचे वर्तमानपत्र, बँकेची कामे आणि सायंकाळचा तासभर खेळ हे सारे त्याच चौकटीत घडते. म्हणूनच दहा हजार रुपयांच्या आतबाहेरची ही खरेदी दिसते त्यापेक्षा अधिक विचार मागते.

राज्य सरकारच्या सायबरएज योजनेमुळे गोव्यातील अनेक घरांत पहिला संगणक विद्यार्थ्याच्या निमित्ताने आला. तेव्हा मॉनिटर संगणकासोबतच येत असे. निवडीचा प्रश्नच नव्हता. आता स्थिती उलट आहे. चतुर्थी-दिवाळीच्या सवलतींत एकाच किमतीला वीस-पंचवीस मॉनिटर समोर येतात आणि प्रत्येकाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत आकडे असतात : १८० हर्ट्झ, १ मिलिसेकंद, एचडीआर, २७ इंच. यांपैकी काही आकडे उपयोगाचे असतात, काही अर्धसत्य असतात, तर काही निव्वळ शोभेचे. स्वस्त मॉनिटरमध्ये कंपनीला कोठेतरी काटकसर करावीच लागते. ती काटकसर कोठे झाली आहे हे ओळखणे आणि ती आपल्या गरजेच्या जागी झालेली नाही याची खात्री करून घेणे, एवढेच या निवडीचे सूत्र आहे.

आधी वापर, मग मॉनिटर

घरातील मॉनिटरचा बहुतांश वेळ वाचण्यात, लिहिण्यात आणि व्हिडिओ पाहण्यात जातो. खेळाचा वाटा दिवसाकाठी तास-दोन तासांचा असतो. तरीही जाहिराती खेळाभोवती रचलेल्या असतात आणि खरेदीही पुष्कळदा त्याच ओघात होते. परिणामी वेगवान पण अक्षरे फिकट दाखवणारा पडदा घरी येतो आणि डोळ्यांची तक्रार सुरू होते. जो मॉनिटर वाचनासाठी चांगला आहे तो हौशी खेळासाठी सहसा पुरेसा ठरतो; उलट बाजूने ही खात्री देता येत नाही. म्हणून पसंतीचा क्रम असा ठेवावा : प्रथम अक्षरांची स्पष्टता, मग पॅनलचा प्रकार, त्यानंतर रिफ्रेश रेट आणि शेवटी इतर सोयी.

आकार आणि रिझोल्युशन यांचे नाते

पडद्यावरील चित्र बिंदूंचे बनलेले असते. १९२० गुणिले १०८० म्हणजे फुल एचडी पडद्यावर सुमारे २० लाख ७० हजार बिंदू असतात. पडदा २१.५ इंचांचा असो की ३२ इंचांचा, बिंदू तेवढेच राहतात. ते फक्त मोठे होत जातात. एका इंचात किती बिंदू बसतात यावर अक्षरांचा रेखीवपणा ठरतो. फुल एचडीमध्ये २१.५ इंचांच्या पडद्यावर इंचाला सुमारे १०२ बिंदू येतात, २३.८ इंचांवर सुमारे ९२, तर २७ इंचांवर केवळ ८२. ३२ इंचांच्या फुल एचडी पडद्यावर हा आकडा सत्तरच्या आसपास घसरतो.

मराठी वाचकासाठी ही बाब इंग्रजी वाचकापेक्षा अधिक महत्त्वाची आहे. देवनागरीत एकाच अक्षराच्या वर अनुस्वार, रफार, वेलांटी आणि मात्रा येतात, तर खाली उकार आणि ऋकार. 'द्ध', 'द्व', 'ष्ट्र' यांसारखी जोडाक्षरे थोड्याशा जागेत कोंबलेली असतात. बिंदू मोठे असतील तर अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, 'र्व' आणि 'वं' यांतील फरक क्षणभर कळत नाही आणि दीर्घ मजकूर वाचताना डोळा नकळत अडखळत राहतो. दुकानात चालू असलेल्या रंगीत व्हिडिओवरून हा दोष कधीच लक्षात येत नाही.

यावरून साधा नियम निघतो. फुल एचडी घ्यायचा असेल तर २४ इंचांच्या आसपास थांबावे. २७ इंच हवे असतील तर २५६० गुणिले १४४० म्हणजे क्यूएचडी रिझोल्युशन घ्यावे. त्यात इंचाला सुमारे १०९ बिंदू मिळतात आणि दोन पाने शेजारी ठेवून काम करता येते. २७ इंचांचा फुल एचडी मॉनिटर स्वस्त दिसतो, कारण त्यात मोठ्या आकाराचे आकर्षण आणि कमी बिंदूंची काटकसर एकत्र असते. तो केवळ चित्रपट आणि खेळ यांसाठी, थोड्या अंतरावरून पाहण्याकरिता घेतला तर चालतो. ज्येष्ठांना अक्षरे मोठी हवी असतील तर त्यासाठीही मोठ्या बिंदूंचा पडदा घेण्याची गरज नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के केले की अक्षरे मोठी होतात आणि रेखीवही राहतात.

अनेक घरांत ३२ इंचांचा जुना टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरण्याचा विचार होतो. या आकाराचे कित्येक टीव्ही 'एचडी रेडी' असतात आणि त्यांचे रिझोल्युशन १३६६ गुणिले ७६८ एवढेच असते. इंचाला पन्नासहून कमी बिंदू. शिवाय टीव्ही चित्रावर आपली प्रक्रिया करून मगच ते दाखवतो, त्यामुळे माऊस हलवल्यावर बाण किंचित उशिरा सरकल्यासारखा वाटतो. गेम मोड चालू केल्याने हा विलंब कमी होतो, परंतु अक्षरांची अस्पष्टता तशीच राहते.

पॅनल : खरी निवड येथे आहे

स्वस्त गटात तीन प्रकारचे पॅनल आढळतात : टीएन, व्हीए आणि आयपीएस. तिन्ही एलसीडीचेच प्रकार आहेत. त्यांतील द्रवस्फटिकांची मांडणी आणि हालचाल वेगळी असते.

टीएन हा सर्वांत जुना प्रकार. तो वेगवान आणि स्वस्त असतो. पण समोरून जरा बाजूला सरकले की रंग बदलतात, खालून पाहिले तर चित्र काळवंडते. एकाच पडद्यासमोर दोघे बसणार असतील तर तो गैरसोयीचा ठरतो. आता आयपीएस पॅनल त्याच किमतीत मिळत असल्याने टीएन घेण्याचे सबळ कारण उरलेले नाही.

आयपीएस पॅनल कोणत्याही कोनातून जवळजवळ सारखेच दिसते आणि त्याचे रंग स्थिर असतात. वाचन, लेखन, छायाचित्रे आणि खेळ या साऱ्यांसाठी तो सर्वांत निर्धोक पर्याय आहे. त्याची उणीव म्हणजे काळा रंग. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारणतः १००० ला १ असतो. अंधाऱ्या खोलीत रात्रीचे दृश्य पाहताना काळ्याऐवजी राखाडी छटा दिसते आणि कोपऱ्यांत मागच्या दिव्याचा उजेड झिरपलेला जाणवतो.

व्हीए पॅनलचा कॉन्ट्रास्ट ३००० ला १ किंवा त्याहून अधिक असतो. चित्रपटांसाठी तो खुलून दिसतो. मात्र स्वस्त व्हीए पॅनलमध्ये गडद छटा बदलण्यास वेळ लागतो. काही वेळा हा काळ २० ते ३० मिलिसेकंदांपर्यंत जातो. त्यामुळे अंधारातून धावणाऱ्या पात्रामागे काळपट सावली ओढली जाते. काही व्हीए पॅनलमध्ये बिंदूंची अंतर्गत रचना वेगळी असल्याने बारीक अक्षरांच्या कडाही किंचित फाटल्यासारख्या दिसतात.

तात्पर्य, दिवसा-उजेडी काम आणि अधूनमधून खेळ असा मिश्र वापर असेल तर आयपीएस. दिवे मालवून चित्रपट पाहणे हाच मुख्य छंद असेल तर व्हीए. वक्र पडद्याचा मोह २४ इंचांत टाळावा. या आकारात वक्रतेचा लाभ जाणवत नाही आणि असे स्वस्त पडदे बहुधा व्हीए प्रकारातलेच असतात.

हर्ट्झचा हिशेब

रिफ्रेश रेट म्हणजे पडद्यावरील चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने रेखाटले जाते तो आकडा. ६० हर्ट्झवर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते, १०० हर्ट्झवर दर १० मिलिसेकंदांनी, १४४ हर्ट्झवर सुमारे ७ आणि १८० हर्ट्झवर साडेपाच मिलिसेकंदांनी. हे आकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते : ६० वरून १०० वर जाताना जवळपास ७ मिलिसेकंद वाचतात, १४४ वरून १८० वर जाताना दीड मिलिसेकंदसुद्धा वाचत नाही. पहिली पायरी साध्या डोळ्यांना दिसते. मजकूर वरखाली सरकवतानाही तो फरक जाणवतो. शेवटची पायरी हौशी खेळाडूला ओळखू येणे कठीण.

शिवाय पडदा कितीही वेगवान असला तरी तेवढी चित्रे तयार करण्याची ताकद संगणकात असावी लागते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, केवळ प्रोसेसरमधील ग्राफिक्सवर चालणाऱ्या संगणकात व्हॅलोरंट किंवा माइनक्राफ्टसारखे हलके खेळ कमी सेटिंगवर बऱ्यापैकी चालतात; परंतु जीटीए किंवा फुटबॉलचे नवे खेळ बहुधा सेकंदाला ३० ते ६० चित्रांच्या आसपासच अडखळतात. अशा संगणकाला १८० हर्ट्झचा पडदा जोडणे म्हणजे गल्लीतल्या रस्त्यासाठी शर्यतीची गाडी घेणे. त्याला १०० हर्ट्झचा आयपीएस पडदा उत्तम. मध्यम ताकदीचे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल किंवा वर्षभरात घ्यायचे निश्चित असेल, तर १४४ ते १८० हर्ट्झवर जास्तीचे पैसे घालण्यात अर्थ आहे.

रिझोल्युशनच्या बाबतीतही हाच न्याय लागू होतो. क्यूएचडी पडद्यावर सुमारे ३६ लाख ९० हजार बिंदू असतात, म्हणजे फुल एचडीच्या जवळपास पावणेदोनपट. ४के पडद्यावर ते चौपट होतात. खेळताना ग्राफिक्स कार्डवरील भारही त्याच दिशेने वाढतो. जुन्या कार्डाला क्यूएचडी पडदा जोडला तर खेळाचे रिझोल्युशन खाली आणावे लागते आणि चित्र पुसट होते. कामासाठी मोठा पडदा आवश्यक असेल तरच ही तडजोड स्वीकारावी.

प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स जोडणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. प्लेस्टेशन ४ फुल एचडीच्या पुढे फारसा लाभ देत नाही. प्लेस्टेशन ५ ला क्यूएचडीचा आधार सप्टेंबर २०२२ मधील अद्यतनानंतर मिळाला, तर एक्सबॉक्स सिरीज एसची रचनाच मुख्यतः त्या रिझोल्युशनसाठी आहे. कन्सोलला आवाजासाठी मॉनिटरमध्ये हेडफोनचे छिद्र किंवा स्पीकर असावा लागतो. स्वस्त मॉनिटरमध्ये स्पीकर बहुधा नसतातच. ही गोष्ट घरी आल्यावर कळू नये.

'१ मिलिसेकंद' आणि इतर अर्धसत्ये

खोक्यावरील १ मिलिसेकंद हा आकडा दोन वेगळ्या मापांतून येतो. जीटीजी म्हणजे एका राखाडी छटेवरून दुसऱ्या छटेवर जाण्यास लागणारा वेळ. तो सर्वांत अनुकूल स्थितीतला, सर्वांत जलद बदल मोजून छापला जातो. एमपीआरटी हे माप वेगळेच आहे. त्यात मागचा दिवा वेगाने बंद-चालू करून हालचाल स्वच्छ भासवली जाते. त्यासाठी उजेड बराच कमी होतो आणि बहुतेक मॉनिटरमध्ये त्याच वेळी ॲडॅप्टिव्ह सिंक वापरता येत नाही. म्हणून '१ मिलिसेकंद एमपीआरटी' असे लिहिलेल्या पडद्याचा रोजच्या वापरातला वेग त्याहून पुष्कळ मंद असू शकतो. हौशी खेळासाठी आयपीएसवरील ४-५ मिलिसेकंद जीटीजी पुरेसे आहेत.

'एचडीआर' या शब्दाने स्वस्त गटात सर्वाधिक दिशाभूल होते. पुष्कळ मॉनिटर एचडीआरचा संकेत केवळ स्वीकारतात. तो दाखवण्यासाठी लागणारा उजेड आणि खोल काळेपणा त्यांच्यापाशी नसतो. व्हेसा संस्थेच्या डिस्प्लेएचडीआर प्रमाणपत्राची सर्वांत खालची मुख्य पायरीदेखील ४०० निट्सच्या कमाल उजेडाची आहे, तर बजेट मॉनिटर साधारणतः २५० ते ३०० निट्सवर थांबतात. या किमतीत एचडीआर हा निकष यादीतून काढून टाकावा आणि साध्या उजेडाकडे पाहावे. खिडकीजवळच्या टेबलासाठी २५० निट्स हा किमान आकडा मानावा. ३०० असल्यास उत्तम. पडद्याचा पृष्ठभाग मॅट असावा, म्हणजे दाराचे प्रतिबिंब मजकुरावर येत नाही.

रंगांच्या बाबतीत 'एसआरजीबी ९९ टक्के' हे वाक्य आश्वासक आहे. '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेले असेल तर तो पडदा फिकट असतो. लाल रंग विटकरी वाटतो. '७२ टक्के एनटीएससी' म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबीच्या आसपास. '१६.७ दशलक्ष रंग' हे वाक्य मात्र जवळपास प्रत्येक मॉनिटरवर असते. त्यावरून निवड होत नाही.

ॲडॅप्टिव्ह सिंक ही सोय मात्र खरोखर उपयुक्त आहे. खेळातील चित्रांचा वेग सारखा बदलत असतो. पडदा आपल्याच ठरावीक लयीत चालत राहिला तर चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसते. ॲडॅप्टिव्ह सिंकमध्ये पडदा ग्राफिक्स कार्डाच्या वेगाशी जुळवून घेतो. एएमडी तिला फ्रीसिंक म्हणते. एनव्हिडियाची कार्डेही जानेवारी २०१९ पासून अशा मॉनिटरवर ही सोय देऊ लागली. कमी ताकदीच्या संगणकाला तिचा उपयोग अधिक, कारण चित्रांचा वेग तेथेच जास्त वरखाली होतो.

तारा, छिद्रे आणि स्टँड

मॉनिटर घेताना मागच्या बाजूची छिद्रे अवश्य पाहावीत. व्हीजीए ही १९८७ पासूनची ॲनालॉग जोडणी आहे. तिच्यातून येणारी अक्षरे धूसर होऊ शकतात. जुन्या सीपीयूला दुसरा पर्याय नसेल तरच ती वापरावी. एचडीएमआयची आवृत्तीही महत्त्वाची ठरते. आवृत्ती १.४ मधून फुल एचडी चित्र १२० हर्ट्झपर्यंत जाते. त्याहून वेगवान मॉनिटरचा पूर्ण वेग पुष्कळदा डिस्प्लेपोर्टमधूनच मिळतो. खोक्यात केवळ एचडीएमआयची तार असेल तर डिस्प्लेपोर्टच्या तारेचा खर्चही किमतीत धरावा.

स्वस्त मॉनिटरमध्ये काटकसरीची पहिली कुऱ्हाड स्टँडवर पडते. बहुतेक स्टँड पडदा फक्त पुढे-मागे झुकवतात. उंची बदलत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी आणि अंतर साधारण हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर असावे. उंची कमी पडली तर मान वाकते आणि दोष डोळ्यांना दिला जातो. यावर उपाय महाग नाही : स्टँडखाली एक भक्कम लाकडी पाट ठेवला तरी काम भागते. पुढेमागे हलती भुजा बसवण्याचा विचार असेल तर पाठीवर ७५ किंवा १०० मिलिमीटरची व्हेसा छिद्रे आहेत का ते पाहावे. काही अतिस्वस्त मॉनिटरमध्ये ती नसतात.

डोळ्यांच्या काळजीच्या नावाखाली 'ब्लू लाइट फिल्टर' मोठ्या अक्षरांत छापला जातो. तो पडदा पिवळसर करतो एवढेच. ती सोय विंडोजमध्ये मोफत आहे. पडद्यासमोर डोळ्यांना येणारा शीण मुख्यतः पापण्या कमी मिटल्याने आणि एकाच अंतरावर दीर्घकाळ नजर खिळल्याने येतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरवर पाहणे, हा त्यावरील फुकटचा उपाय. 'फ्लिकर फ्री' ही नोंद मात्र पाहण्यासारखी आहे, कारण उजेड कमी करताना दिवा लुकलुकणाऱ्या पडद्याने काहींचे डोके दुखते.

किमतीच्या तीन पायऱ्या

किमती सणांच्या सवलतींप्रमाणे वरखाली होतात. तरी गेल्या काही वर्षांतील बाजार पाहता तीन पायऱ्या स्थूलमानाने सांगता येतात.

साधारण साडेसहा ते नऊ हजार रुपयांत २२ ते २४ इंचांचा, फुल एचडी, आयपीएस, ७५ ते १०० हर्ट्झचा मॉनिटर मिळतो. अभ्यास, कार्यालयीन काम आणि हलके खेळ यांसाठी बहुतेक घरांनी येथेच थांबावे. नऊ ते तेरा हजारांत २४ इंचांचा, १४४ ते १८० हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर येतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या विद्यार्थ्यासाठी हा योग्य टप्पा. पंधरा ते वीस हजारांत २७ इंचांचा क्यूएचडी आयपीएस मिळतो. घरून काम करणारे, हिशेबनीस, भाषांतरकार आणि चित्र-व्हिडिओ संपादन करणारे यांना वाढीव जागेचा मोबदला रोज मिळतो.

यांखेरीज चौथी वाट वापरलेल्या मॉनिटरची. मोठ्या कार्यालयांतून निघालेले आयपीएस मॉनिटर निम्म्या किमतीत मिळू शकतात. त्यांचे स्टँड उंचीला वरखाली होणारे आणि भक्कम असतात. ते बहुधा ६० हर्ट्झचे असतात, म्हणून वाचन-लेखनासाठी उत्तम, खेळासाठी साधारण. घेण्यापूर्वी पूर्ण पांढरा पडदा लावून कडा पिवळ्या पडल्या आहेत का आणि उजेड पुरेसा राहिला आहे का ते पाहावे. विक्रेत्याची लेखी हमी नसल्यास किंमत त्या प्रमाणात खाली आणावी.

बिल, हमी आणि तक्रार

मॉनिटर हा भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीत येणारा माल आहे. पाठीमागील लेबलवर मानक चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता आणि उत्पादनाचा देश छापणे बंधनकारक आहे. ही माहिती नसलेला 'जुळवलेला' मॉनिटर कितीही स्वस्त असला तरी टाळावा. बिल पक्के घ्यावे. १८ टक्के जीएसटी वाचवून देतो म्हणणारा विक्रेता वस्तुतः ग्राहकाची हमीच काढून घेत असतो.

नामांकित कंपन्यांची हमी सामान्यतः तीन वर्षांची असते. काहींची एकच वर्षाची. वर्षांइतकाच महत्त्वाचा प्रश्न सेवेचा आहे. तंत्रज्ञ घरी येतो की मॉनिटर केंद्रावर न्यावा लागतो? ते केंद्र पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा यांपैकी कोठे आहे, की मॉनिटर राज्याबाहेर पाठवावा लागेल? काणकोण किंवा सत्तरीतील ग्राहकासाठी या उत्तराची किंमत पाचशे-हजार रुपयांच्या सवलतीहून अधिक असते. ऑनलाइन खरेदीत पैसे परत मिळतात की केवळ वस्तू बदलून मिळते, आणि ती मुदत किती दिवसांची आहे, हे आधी वाचावे. खोके उघडताना सलग व्हिडिओ घ्यावा. पडदा फुटलेला निघाल्यास तोच पुरावा ठरतो.

मृत बिंदूंविषयीही धोरण विचारावे. पडद्यावर एखादा कायम काळा किंवा कायम चमकणारा बिंदू आढळला तरी अनेक कंपन्या ठरावीक संख्येपर्यंत तो दोष मानत नाहीत. त्यामुळे बदलीची मुदत संपण्याआधीच तपासणी उरकावी. विक्रेत्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते.

घरी आल्यावरचा पहिला तास

नवा मॉनिटर जोडल्यावर पुढील गोष्टी त्याच दिवशी कराव्यात. तार ग्राफिक्स कार्डाच्या छिद्रात लावली आहे, मदरबोर्डच्या नव्हे, याची खात्री करावी. ही चूक सर्वत्र आढळते. विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट पूर्ण आकड्यावर आणावा. १६५ हर्ट्झचे मॉनिटर केवळ ही सेटिंग न बदलल्याने वर्षानुवर्षे ६० वर चालत राहतात. रंग फिकट आणि काळा राखाडी दिसत असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये 'लिमिटेड'ऐवजी 'फुल' रंगकक्षा निवडावी. ओव्हरड्राइव्हची पातळी मधली ठेवावी. सर्वांत वरच्या पातळीवर हलत्या वस्तूंमागे उलटी, उजळ सावली दिसू लागते.

त्यानंतर पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे पडदे लावून मृत बिंदू शोधावेत. रात्री दिवे मालवून काळ्या पडद्यावर कोपऱ्यांतील उजेड पाहावा. शेवटी एखादे मराठी वर्तमानपत्र उघडून लहान अक्षरांतील मजकूर पंधरा मिनिटे सलग वाचावा. अनुस्वार वेगळा दिसतो, जोडाक्षर अडखळवत नाही आणि डोळे चुरचुरत नाहीत, तर मॉनिटर कसोटीला उतरला.

दमट हवा आणि पावसाळी वीज

किनारपट्टीची खारी, दमट हवा विद्युत उपकरणांना मानवत नाही. पावसाळ्यात मॉनिटर आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू केलेला बरा. त्याच्या उबेने आतील दमटपणा कमी होतो. तो भिंतीला चिकटवून ठेवू नये, मागे हवा खेळती राहावी. ज्याचा ॲडॉप्टर बाहेर असतो अशा मॉनिटरचा एक लाभ आहे : विजेच्या चढउताराने ॲडॉप्टर बिघडला तर तेवढाच बदलता येतो. मेघगर्जनेच्या वेळी केवळ बटण बंद न करता प्लग काढून ठेवावा. स्वच्छतेसाठी मऊ, किंचित ओलसर कापड पुरते. काच पुसण्याचे द्रावण पडद्यावर थेट फवारू नये, त्याने मॅट थर खराब होतो.

विजेचा खर्च फारसा नाही. २४ इंचांचा एलईडी मॉनिटर साधारण २० वॅट वीज घेतो, असे धरले तर रोज आठ तासांच्या वापराला महिन्याकाठी पाच युनिटसुद्धा लागत नाहीत. उजेड कमी केला तर तो आकडा आणखी घटतो. जुना, बिघडलेला मॉनिटर भंगारवाल्याकडे किंवा कचऱ्यात न देता ई-कचरा संकलन करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावा. ई-कचरा नियमांनी त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

थोडक्यात, दुकानात जाण्यापूर्वी कागदावर पाच ओळी लिहून न्याव्यात : आयपीएस पॅनल, २४ इंचांपर्यंत फुल एचडी, २७ इंचांसाठी क्यूएचडी, किमान १०० हर्ट्झ आणि ॲडॅप्टिव्ह सिंक, संगणकाला जुळणारे छिद्र, तीन वर्षांची हमी आणि जवळचे सेवा केंद्र. या पाच ओळींत बसणारा सर्वांत स्वस्त मॉनिटर निवडावा आणि उरलेले पैसे रॅमसाठी, एसएसडीसाठी किंवा चांगल्या खुर्चीसाठी राखून ठेवावेत.